आधी खुर्ची, मग माणूस

माझ्या उजव्या हातावर, टोकापासून साधारण चार बोटे मागे, एक खळगा आहे. खोली जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी. तो सुताराने कोरलेला नाही आणि कुणी खोडी म्हणून पाडलेलाही नाही. चित्र काढून घ्यायला बसलेल्या माणसाला हातांचे काय करावे ते कळत नाही. डावा हात मांडीवर पडून राहतो आणि उजव्याचा अंगठा लाकूड चोळत बसतो. एका माणसाच्या चोळण्याने सागाला काहीच होत नाही. अठ्ठेचाळीस वर्षे माणसे चोळत राहिली की ज्वारीचा दाणा बसेल एवढी जागा होते.

तर मित्रांनो, ही सारी माणसे जिच्यावर बसली ती मी. हातांची, सरळ पाठीची, निळी आणि आता बरीच जुनी झालेली एक खुर्ची.

माझा जन्म निपाणीचा. ज्योतिबा सुतारांनी मला एका फोटो स्टुडिओसाठी घडवले. पाठ त्यांनी मुद्दाम सरळ ठेवली, कारण रेलून बसलेला माणूस फोटोत झोपाळू दिसतो. स्टुडिओत माझे दिवस चांगले गेले. नवी नवरी माझ्यावर बसायची आणि नवरा मागे उभा राहायचा. तान्ह्या मुलांना माझ्यावर उशी ठेवून बसवत. मागे एक रंगवलेला पडदा असे, त्यावर तळे आणि दोन हंस. हंस फिके पडले तेव्हा मालकांनी बेळगावजवळच्या वडगावहून एका तरुण पोराला बोलावले. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, विणकराच्या घरातला. त्याचे नाव मष्णू.

मष्णूने आठ दिवसांत हंस उजळले. पुढे स्टुडिओत मखमली सोफा आला आणि मी मागच्या खोलीत तुटक्या स्टँडांमध्ये जाऊन पडले. तिथे माझ्यावर दोन पावसाळ्यांची धूळ बसली. मष्णू पुन्हा पडद्याच्या कामाला आला तेव्हा त्याने मला पाहिले आणि मजुरी थोडी कमी द्या पण ही खुर्ची द्या, असे मालकांना सांगितले. निपाणी ते बेळगाव मी बसच्या टपावर, तंबाखूच्या पोत्यांशेजारी बसून आले. तो वास अजून माझ्या सांध्यांत असावा. खात्रीने सांगता येत नाही.

वडगावच्या घरात पुढच्या खोलीत हातमाग होता आणि त्यावर मष्णूची बायको दुर्गाबाई लुगडी विणायची. मागच्या खोलीला उत्तरेकडे खिडकी होती. तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून मष्णूने मला तिथे ठेवले. पाट्या रंगवून उरलेल्या निळ्या रंगाचा हात त्याने मला दिला. तेव्हापासून एक रीत पडली. खंडेनवमीला विणकरांच्या घरी माग बंद ठेवून त्याची पूजा करतात. आमच्या घरी मागाबरोबर मष्णूचे कुंचले आणि मी, आम्हालाही झेंडूची माळ असे. त्याआधी आठ दिवस दुर्गाबाई दुकानातून त्याच नंबरच्या निळ्या रंगाचा छोटा डबा आणी आणि स्वतः मला एक हात देई. त्यामुळे माझा रंग इतक्या वर्षांत बदलला नाही. हे मी वाढवून सांगत नाही. तुम्हाला पुढे ते लागेल.

मष्णूची काम करायची पद्धत निराळी होती. माणूस येण्याआधी तो मला एकटीला रंगवायचा. रिकामी खुर्ची पुरी झाली की मग माणसाला बोलवायचा आणि तिच्यात बसवायचा. कुणी विचारले तर म्हणायचा, "मागावर आधी उभं धागं लावत्यात. मग आडवं. मी बी तेच करतो. आधी जागा, मग माणूस."

अशी किती माणसे आली. बांगड्या भरणारी मालुबाई आली, ती बसल्या बसल्या त्याच्या मनगटाचे माप सांगायची. पोस्टमन आला, तो पाय हलवल्याशिवाय बसूच शकत नव्हता. येळ्ळूरचा एक शेतकरी आपल्या नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन आला. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती मष्णूला सारखी विचारायची, की सावली काळी का नाही, जांभळी का आहे. त्या मुलीचे नाव पूर्णिमा.

लोक चित्र बघत आणि म्हणत, नाक अगदी तसंच, आणि खुर्ची तर काय, हात लावावा अशी. मला कौतुकाची सवय लागली होती, हे कबूल करते.

मग साथीचा एक काळ असा आला की कुणी कुणाच्या घरी जाईना. दोन वर्षे माझ्यावर माणूस बसला नाही. लुगड्यांच्या घड्या, दोऱ्याचे पुंजके, एकदा तर शेजारच्या मांजरीची पिल्ले बसली. मष्णूचे वय सत्तरीला पोचले होते. लोक त्याला मष्णूअण्णा म्हणू लागले होते, मीही आता तसेच म्हणते.

पहिली खूण मला त्याच सुमारास दिसली. संध्याकाळी मष्णूअण्णा दुर्गाबाईंना कांड्या भरून द्यायचे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी दोऱ्याची छोटी नळी. एका संध्याकाळी त्यांनी निळ्या कांड्यांच्या डब्यात हिरव्या कांड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी निळ्या काठात वीतभर हिरवे विणले गेल्यावर ते दुर्गाबाईंच्या ध्यानात आले. त्यांनी मागच्या खोलीकडे एकदा पाहिले. मग ती वीत उसवली. त्या दिवसापासून त्या निळ्या कांडीच्या टोकाला, बोटाला लागेल अशी पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारू लागल्या.

"ही गाठ कशाला गं?" अण्णांनी विचारले.

"मोजायला बरं पडतंय," दुर्गाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळे, मग तपकिरी होते. पिवळ्या काचेतून निळा रंग नीट आत येत नाही. तो हिरव्यासारखा किंवा राखेसारखा वाटतो, आणि गुलाबीसारखे फिके रंगही मळकट होतात. पण हे एका दिवसात होत नाही. रोज केसाएवढा फरक पडतो आणि आजचे कालच्यासारखेच वाटते. म्हणून ज्याच्या डोळ्यात तो असतो त्याला तो शेवटी कळतो.

डॉक्टरांनी मात्र आजपासून तीन वर्षांपूर्वीच सांगितले होते. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात पुष्कळ जास्त आहे, काढून टाका. पिकत गेला तर अवघड होईल. अण्णा म्हणाले, दसरा झाल्यावर बघू. दसऱ्यानंतर म्हणाले, लग्नसराई जाऊ दे. मग म्हणाले, हातातले चित्र पुरे होऊ दे. एक चित्र पुरे झाले की ते लगेच मला रंगवायला घेत.

खरे कारण तम्मण्णा हे होते. तम्मण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, वडगावात काठाच्या नक्षीसाठी नावाजलेले. पन्नाशीत त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि तो डोळा गेला. "त्या टेबलावर गेला आणि डोळा घालवून आला," अण्णा एवढेच सांगत. ते हे म्हणाले की माग थोडा वेळ थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.

त्या तीन वर्षांत अण्णांनी पाच चित्रे काढली. त्यांपैकी एक कंग्राळीच्या भावकूंचे. भावकू अण्णांच्या वयाचे, शेतकरी, सारखे थट्टा करणारे. ते गुलाबी फेटा बांधून आले होते. चित्रातला फेटा राखाडी झाला आणि मी हिरवट. मी ते पाहिले. भावकूंनीही पाहिले. बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "लई झ्याक झालंय मष्णू. माझ्यापरीस मीच बरा दिसालोय."

अण्णा खूश झाले. मला बोलता आले असते तर मी तेव्हा बोलले असते, असे मला आजवर वाटत होते. आता तेवढी खात्री नाही. बोलता येणारी माणसेही बोलली नाहीत.

येळ्ळूरची ती मुलगी पूर्णिमा विज्ञान शिकली आणि मग माहितीपट काढू लागली. दोन वर्षांपूर्वी ती कॅमेरा घेऊन आमच्या घरी आली. तिला अण्णांवर फिल्म करायची होती. ती आधी माझ्यावर एक पांढरा कागद उभा करायची आणि त्यावर कॅमेरा रोखायची.

"हे काय करालीस?" अण्णांनी विचारले.

"कॅमेऱ्याला पांढरं दाखवालेय अण्णा."

"त्याला पांढरं शिकवावं लागतंय व्हय?"

"व्हय. न्हायतर बल्बच्या उजेडात त्यो सगळं पिवळं धरतोय, आणि त्याला वाटतंय हेच खरं."

अण्णा हसले. पूर्णिमाने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिले. त्यात मी होते आणि माझ्यामागे भिंतीला टेकवलेले माझे नवे चित्र होते. ती बराच वेळ मान वर करेना.

या वर्षी अण्णांच्या सव्वीस चित्रांचे प्रदर्शन टिळकवाडीत एका हॉलमध्ये भरले. चित्रे पूर्णिमाने वर्षांच्या क्रमाने लावली. मला मधोमध एका चौथऱ्यावर ठेवले आणि माझ्या गळ्यात 'कृपया बसू नये' अशी पाटी घातली. ज्या खुर्चीचा जन्मच बसण्यासाठी झाला तिला हे कसे वाटले असेल, याचा विचार तुम्हीच करा.

चित्रे लावून झाल्यावर दुर्गाबाई भिंतीसमोरून एक फेरी मारून आल्या आणि पूर्णिमाजवळ थांबल्या.

"तुला दिसतंय न्हवं?" त्यांनी हळू विचारले.

"दिसतंय आक्का."

"मग तू सांग की त्यांस्नी. माझं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतील."

"उद्या सगळ्यांच्या म्होरं? त्यांच्याच प्रदर्शनात मी त्यांना खाली बघायला लावू?" पूर्णिमा म्हणाली. "जमायचं न्हाय माझ्याच्यानं. उद्या मी रंगाबद्दल बोलणारच न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंग्राळीच्या शाळेतली सातवीची मुले आली. चित्रांत बसलेली काही माणसेही आली होती. अण्णा दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मी तिच्याकडे पाहिले नाही. पूर्णिमा मुलांना घेऊन एकेका चित्रापाशी जाऊ लागली आणि खरेच रंग सोडून सगळ्याबद्दल बोलली. हे बघा, ही दुर्गाआक्का, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तिची बोटं बघा, मागावर असल्यासारखी वाकलेली हायत. हे पोस्टमन. पाय एकच दिसतोय, कारण दुसरा थांबतच न्हवता. ही मी.

"मॅडम, तुमच्या नाकाला शेंबूड हाय," एक मुलगा म्हणाला.

"चमक हाय ती. उजेडाची."

"शेंबूडच हाय तो," दारातून अण्णा म्हणाले. "मी सर्दीत बसवलतं तिला."

मुले हसली. पूर्णिमाही हसली. भावकू आपल्या चित्राशेजारी हाताची घडी घालून उभे होते आणि मुलांना सांगत होते, की चित्रातला म्हातारा मुका आहे, काही विचारायचे असेल तर मला विचारा.

पूर्णिमाने सुरुवातीलाच मुलांना एक काम दिले होते. प्रत्येक चित्रात खुर्ची शोधा. पहिल्या बाकावर बसणारी असावी अशी एक मुलगी ते अगदी मन लावून करत होती. तिचे नाव भाग्यलक्ष्मी. ती प्रत्येक चित्र बघून मागे वळून मला बघायची आणि मग पुढे जायची. एकविसाव्या चित्रानंतर ती थांबली. परत मागे गेली. पुन्हा पुढे आली.

"मॅडम, खुर्च्या दोन हायत काय?"

"न्हाय गं. एकच हाय. ती बघ, मधी ठेवलीय."

"मग हितनं फुडं हिरवी कशी झाली?"

पूर्णिमाने दाराकडे, अण्णांकडे पाहिले. भावकू छताकडे बघू लागले. मुले एकदा माझ्याकडे, एकदा भिंतीकडे बघत होती.

"निळीच की ती, बाळ," अण्णा दारातून हसत म्हणाले. "नीट बघ जा."

भाग्यलक्ष्मी चित्राच्या अगदी जवळ गेली. नीट पाहिले. मग पूर्णिमाकडे पाहिले, आणि मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले, की मोठ्या माणसाचे मन राखायला ती आत्ताच, या क्षणी शिकते आहे.

पूर्णिमालाही ते कळले असावे. ती हॉल ओलांडून अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, एक प्रयोग करूया?"

"कसला गं?"

"चित्र काढताना माप घेताय, रंग जुळवताय, तवा कुठला डोळा झाकताय?"

"डावा. जलमभर डावाच झाकतोय."

"आज उजवा झाका."

तिने त्यांना हात धरून आणले आणि मी व भावकूंचे चित्र दोन्ही दिसतील अशा जागी उभे केले. अण्णांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. माझ्याकडे पाहिले. चित्राकडे पाहिले. हात बदलला. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा चित्राकडे. मी मोजले, त्यांनी आठ वेळा हात बदलला. आठव्या वेळी उजवा डोळा झाकून ते तसेच उभे राहिले.

"हे मी काढलंय?" त्यांनी विचारले.

ते चित्राच्या आणखी जवळ गेले.

"भावकू, फेटा कसला होता तुझा?"

"गुलाबी होता रं. पुतण्याच्या लग्नातला."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू एवढ्या मायेनं दिलतास. दिल्या वस्तूला नाव ठेवू काय?"

अण्णा दुर्गाबाईंकडे वळले. त्यांनी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "कांड्यांस्नी गाठी मारत होते, ते मोजायला न्हवतं."

"आणि तू?"

"मला दोन वर्षं ठाऊक हाय अण्णा," पूर्णिमा म्हणाली. "कॅमेऱ्यात दिसलं. माझी चूक झाली. तवाच सांगायला पायजे होतं."

"म्हंजे सगळी बघालती," अण्णा म्हणाले. "मी सोडून."

त्यांचा आवाज चढला नाही. ते चौथऱ्यापाशी आले, माझ्या गळ्यातली पाटी काढून बाजूला ठेवली आणि माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी बसले नव्हते. त्यांचे वजन मला वाटले होते त्यापेक्षा कमी निघाले.

"तम्मण्णाचा डोळा गेला," ते म्हणाले. "तुमी सगळी म्हणताय ते बरोबर हाय. पर तम्मण्णाचा गेला."

दुर्गाबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. तीस वर्षे न बोललेली गोष्ट बोलताना माणूस थांबत थांबत बोलतो. त्या तशाच बोलल्या.

"टेबलावर न्हाय गेला त्यो. डाक्टरांनी महिनाभर मागाजवळ जाऊ नको म्हणून सांगितलतं. भावजी चौथ्या दिवशी मागावर बसले. पट्टी वर सरकवून. काठाचं काम दुसऱ्याच्या हातनं बिघडंल म्हणून. सुताचं कुसळ डोळ्यात गेलं, डोळा चोळला, पू झाला. मी पाणी द्यायला गेलते तवा बघितलं. मेल्या माणसाला दोष कशाला, म्हणून बोलले न्हाय. तुमी समद्यांस्नी अर्धंच सांगत होता, मी ऐकत होते."

अण्णांचा अंगठा लाकडावर एकाच जागी फिरत होता.

"आता माझ्या फेट्याचं काय ते सांग," भावकू म्हणाले. "राख फासून बसल्यागत दिसालोय मी. नातवंडं इचारत्यात, आजा मेला तवाचं चित्र हाय काय म्हणून."

मुलांमध्ये कुणीतरी खुदकन हसले. मग अण्णाही हसले, डोळे पुसत.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे जवळजवळ संपते. जुन्या वस्तू सहसा शेवटी सांगतात, की आम्हाला फेकू नका, रंग द्या, सांधे घट्ट करा. माझी तशी काही तक्रार नाही. मला दरवर्षी रंग मिळाला. पण ज्या घरात खुर्चीला न चुकता रंगाचा हात मिळाला त्याच घरात एका माणसाचा डोळा तीन वर्षे तसाच राहिला, आणि राहिला तो कुणाचे प्रेम कमी होते म्हणून नव्हे. सगळ्यांनी त्यांना जपले. गाठी मारून जपले, झ्याक म्हणून जपले, गप्प राहून जपले. तुमच्या घरात कुणाला निळे हिरवे दिसत असेल, ऐकू कमी येत असेल, पायऱ्या चढताना कुणी थांबत असेल, तर त्यांना सांगा. हळू सांगा, जवळ बसून सांगा, पण सांगा. भाग्यलक्ष्मीने विचारले तसे सरळ विचारलेत तरी चालेल.

त्या दिवशी हॉलमध्ये मुले जमिनीवर बसली होती. अण्णांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवून समोरची भिंत पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत सावकाश पाहिली. मग हात खाली घेतला आणि दुर्गाबाईंकडे पाहिले.

"महिनाभर माग बंद ठेव गं," ते म्हणाले. "सोमवारी जाऊ. डोळा करून घेतो."